वृद्धाश्रमाच्या आवारात कोणती फळझाडे लावावीत?

प्रश्न: आमच्या तालीम मंडळाने यंदा कोल्हापूरजवळच्या एका वृद्धाश्रमात फळझाडे लावण्याचे ठरवले आहे. जमीन काळी असून पावसाळ्यात तेथे पाणी साचते, आणि गेल्या वर्षी लावलेली पपईची रोपे त्यामुळेच बुडाशी कुजून गेली. आता काय लावावे?

उत्तर १: पपईला साचलेले पाणी सोसत नाही, लावायचीच असेल तर उंच वरंब्यावर लावावी. प्रथम चर काढून पाण्याला वाट द्या आणि मग कालीपत्ती जातीच्या चिकूची, खिरणी या चिकूच्याच कुळातील झाडाच्या खुंटावर बांधलेली कलमे घ्या. कलमाचा जोड मातीत गाडला जाऊ देऊ नका आणि त्याखाली फुटणारे धुमारे वेळोवेळी खुडत जा, नाहीतर चिकू मागे पडून खिरणीच फोफावते. दोन झाडांत 10 मीटर अंतर ठेवावे.

उत्तर २: पेरू लवकर फळतो खरा, पण त्याच्या बिया आजोबांच्या कवळीत अडकतात, हे आम्हाला झाड वाढल्यावर समजले!

उत्तर ३: उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे आधी ठरवावे. आमच्याकडे लागवडीच्या छायाचित्राला अख्खी गल्ली होती. एप्रिलमध्ये बादली घेऊन दोघेच उरले.