विजय अय्यरचा ‘कम्पॅशन’: यात सम कुठे शोधायची?

षड्जपंचम:
विजय अय्यरचा ‘कम्पॅशन’ हा अल्बम (ईसीएम कंपनी, २०२४) ऐकतोय. पियानो, बास, ड्रम्स, एवढंच. जॅझमध्ये मी नवखा, घरात कायम ख्याल आणि नाट्यसंगीत. अमेरिकेत जन्मलेला, तमिळ घरातला पियानोवादक म्हटल्यावर कुठेतरी कर्नाटक संगीत भेटेल असं वाटलं होतं. राग काही हाती लागला नाही. ड्रमवाला ठेकाही धरत नाही, त्यामुळे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठली तेच कळेना. तरी बंद करवत नाही. कुठून शिरावं यात?

पायपेटी:
राग शोधणं आधी सोडून द्या. आडनाव बघून संगीताचा अंदाज बांधला की समोर जे चाललंय तेच ऐकायचं राहून जातं.

हा माणूस १९७१चा, न्यूयॉर्क राज्यातला. तिसऱ्या वर्षापासून पंधरा वर्षं व्हायोलिन शिकला, तेही पाश्चात्त्य पद्धतीचं. पियानो मात्र बहुतांशी कानाने, स्वतःचा स्वतः. येलमध्ये गणित आणि भौतिकशास्त्र, मग बर्कलीला डॉक्टरेट. तिथे भौतिकशास्त्र सोडून तो संगीताकडे वळला. १९९८च्या त्याच्या प्रबंधाचा विषय बघा: पश्चिम आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी संगीतातली लय शरीरातून कशी घडते, कशी कळते. त्याचं घराणं विचाराल तर ते हे. मंक, सेसिल टेलर, अँड्र्यू हिल हे जॅझ पियानोवादक ऐकत तो वाढला, आणि स्टीव्ह कोलमन, रॉस्को मिचेल या सॅक्सोफोनवादकांबरोबर वाजवत तयार झाला. या अल्बममध्ये मिचेलची ‘नोनाह’ ही रचना आहेच.

आता सम. मी वर्षानुवर्षं पेटीची साथ करतोय, त्यामुळे ‘साथ’ या गोष्टीकडे माझं आपोआप लक्ष जातं. इथे साथीला कोणीच बसलेलं नाही. टायशॉन सोरी ड्रम्सवर आवर्तन मोजून दाखवत नाही, त्याच्यावर बोलत राहतो. तो स्वतः मोठा रचनाकार आहे, २०२४चं संगीताचं पुलित्झर त्याला मिळालं. म्हणून एक करा: पियानोवरून कान काढा आणि पूर्ण एक ट्रॅक फक्त लिंडा मे हान ओ हिचा बास ऐका. पाय जमिनीला लागतात ते तिथे. दुसऱ्यांदा ऐकताना अय्यरचा डावा हात त्या बासला कुठे भिडतो आणि कुठे मुद्दाम जागा सोडतो ते बघा. मला या त्रिकुटातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ती सोडलेली जागा.

सुरुवात ‘ओव्हरजॉइड’पासून करा. मूळ गाणं स्टीव्ही वंडरचं. ते आधी दोनदा ऐकलंत तर मुखडा कुठे मोडला, कुठे परत जोडला हे लगेच कळेल.

तिश्रजाती:
बहुतेक पटलं, पण दाक्षिणात्य लयीचं देणं इतकं पुसून टाकू नका. अय्यर स्वतः त्याबद्दल बोलत आलाय. २०११चा ‘तीर्थ’ ऐका: प्रसन्नाची गिटार पूर्ण कर्नाटकी, नितिन मित्ता तबल्यावर. आणि आधीच्या त्रिकुटाचा (स्टीफन क्रम्प बासवर, जॅझ ड्रमर रॉय हेन्सचा नातू मार्कस गिलमोर ड्रम्सवर) ‘हिस्टॉरिसिटी’, २००९. त्यात ऑर्गनवादक रॉनी फॉस्टरचं ‘मिस्टिक ब्रू’ आहे. ३:५, ५:८ अशा फिबोनाची प्रमाणांवर (आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा) लय बेतलीय. आपल्याकडे हेमचंद्र या जैन पंडिताने मात्रावृत्तं मोजताना हेच आकडे बाराव्या शतकात मांडले होते. त्या ट्रॅकवर हाताने टाळी धरून बघाच.

पायपेटी:
‘तीर्थ’बद्दल मान्य, तो मीही सुचवायला हवा होता. पण षड्जपंचम, तो नंतर. आधी तो ऐकलात तर तबला ओळखीचा म्हणून कान तिथेच बसेल आणि बाकीचं निसटेल.

षड्जपंचम:
बासवाला उपाय आत्ताच केला. ‘ओव्हरजॉइड’ मूळ ऐकून मग हे लावलं. मध्ये चाल पार दिसेनाशी होते, पण बास धरून बसलो तर हरवायला झालं नाही! याच तिघांचं अजून काही आहे का?

पायपेटी:
आहे, ‘अनईझी’, २०२१. ध्वनिमुद्रण डिसेंबर २०१९चं. जेरी अ‍ॅलन या डेट्रॉइटच्या पियानोवादिकेचं ‘ड्रमर्स साँग’ त्यात आहे, आणि ‘कम्पॅशन’च्या शेवटी तेच परत येतं, सॅक्सोफोनवादक जॉन स्टबलफील्डच्या ‘फ्री स्पिरिट्स’ला जोडून. दोन्ही पाठोपाठ लावा. तेच तिघे, तीच चीज. काय बदललं ते ऐकून इथे लिहा, मला तुमचं मत हवंय.