शब्दचर्चा: समेट, सलोखा की तडजोड?

मुक्ता: दक्षिण आफ्रिकेतल्या चर्च आणि वर्णभेदावरचा एक लेख मराठीत आणतेय. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ‘ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन’ला ‘सत्य व समेट आयोग’ म्हणावं का? ‘समेट’ म्हटलं की मला संपाची बातमी आठवते. दोन्ही बाजू थोड्या नमल्या, विषय संपला.

निशिगंध: बिनधास्त वापरा. शब्द पवित्र शास्त्रातलाच, म्हणजे मराठी बायबलमधलाच आहे, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौल समेटाच्या सेवेबद्दल लिहितो. मूळ ग्रीक ‘काटालागे’त अदलाबदलीचा अर्थ आहे: वैर जाऊन त्या जागी मैत्र येतं. ‘तडजोड’ मात्र नको.

तुमची शंका तिथल्या ख्रिस्ती लोकांनाही छळत होती, बरं का. वर्णभेद सरकारी धोरण झाला १९४८ नंतर. पण १८५७ सालीच तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, काहींच्या ‘दुर्बलते’पायी गोऱ्यांपासून वेगळ्या उपासनेला मुभा दिली होती. दुर्बलता कोणाची, तर काळ्या बांधवाशेजारी बसून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा ख्रिस्ती विधी) घेणं ज्यांना जड जात होतं त्यांची! मुभेची रीत झाली आणि पुढे चर्चही वेगळी झाली. म्हणून तिथल्याच ख्रिस्ती धर्मचिंतकांनी काढलेला १९८५चा ‘कैरोस दस्तऐवज’ चर्चला खडसावतो: अन्याय चालू आहे, पश्चात्तापाचा पत्ता नाही, अशा वेळी समेटाचा उपदेश जुलूम करणाऱ्याच्याच पथ्यावर पडतो.

अनामिक वाचक: मग ‘सलोखा’ बरा की. ऐकायलाही गोड.

निशिगंध: गोड आहे, तीच अडचण. दोन घरांनी एकमेकांचं तोंड न पाहताही सलोखा टिकतो. वर्णभेदाचे समर्थक तेच सांगत होते, वेगळे राहा म्हणजे खटके उडणार नाहीत. केपटाउनजवळच्या बेल्हारमध्ये १९८२ साली मांडलेल्या आणि १९८६ साली स्वीकारलेल्या विश्वासकथनाने (चर्चने आपल्या श्रद्धेची केलेली जाहीर मांडणी) नेमकी हीच शिकवण नाकारली. माणसं मुळात एकत्र येऊच शकत नाहीत, असं धरून चालणं म्हणजे ख्रिस्ताने केलेला समेट नाकारणं.

मुक्ता: पण आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष असलेल्या या सत्य आयोगाने तर माफी दिली. पश्चात्ताप तिथे होता का?

निशिगंध: कायद्यात नव्हता. गुन्हा राजकीय हेतूने झालेला हवा आणि सगळं खरं सांगायला हवं, या मुख्य अटी. खेद वाटलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. त्यामुळे आयोगाच्या नावातला समेट तुमच्या संपाच्या बातमीच्या थोडा जवळचा, बेल्हारमधला पौलाच्या. लेखात दोन्हीकडे ‘समेट’च ठेवा, फक्त हा फरक तळटीपेत सांगा. आणि ‘माफी’ऐवजी ‘शिक्षामाफी’ लिहा. क्षमा करणं आयोगाच्या हातात नव्हतं.