उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासी बायकांच्या निळ्या ड्रेसवर ते पांढरं काय असतं?

मणीवेडी: १९व्या शतकातल्या लाकोटा ड्रेसचा फोटो बघितला, गडद निळं लोकरी कापड आणि खांद्यांवर, छातीवर पांढऱ्या बारीक नळ्यांच्या ओळीच ओळी, हाडं आहेत का ती?

सागरगोटा: हाडं नाहीत गं, डेंटॅलियम शिंपले आहेत ते, हत्तीच्या सुळ्यासारखे निमुळते आणि आतून पोकळ. पॅसिफिक किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांमार्फत पार लाकोटांच्या मैदानी मुलखात यायचे, म्हणजे एकेक ओळ केवढ्या मोलाची बघ!

रानजाई: आणि कापड इंग्लंडचं, स्ट्राउड नावाचं. खाली न रंगलेली पांढरी किनार दिसतेय ना, ती कापून न टाकता मुद्दाम दर्शनी ठेवायच्या. मला तर तीच सगळ्यात आवडते, साडीच्या काठासारखी.

मणीवेडी: अय्या, मला वाटलं किनार वेगळी जोडलीय! थँक्स दोघींना, परत झूम करून बघते.