कॉम्प्युटर की कन्सोल? तुमच्या घरात आधी काय शिरलं?

गावठी_गेमर
परवा आमचे चिरंजीव (नववी) अगदी साळसूद चेहरा करून म्हणाले, "बाबा, ग्राफिक्स कार्ड लागेल. एआयच्या प्रोजेक्टला." मी "बघू" म्हटलं आणि गॅलरीत जाऊन हसून घेतलं. २००३ साली हाच चेहरा करून मी अण्णांपुढे उभा होतो. इंजिनिअरिंगला सी प्रोग्रॅमिंग आहे, घरी कॉम्प्युटर हवाच! अण्णांनी पतपेढीतून कर्ज काढलं. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, वर आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर. टर्बो सी टाकलं हे खरं, पण त्याच संध्याकाळी मित्र व्हाइस सिटी गेमच्या सीड्या घेऊन हजर.

समोरच्या घरातल्या पोराला प्लेस्टेशन टू हा गेमचा कन्सोल हवा होता. नाही मिळाला. त्यावर डीव्हीडी पण लागते म्हणून सांगून पाहिलं बिचाऱ्याने, पण घरात डीव्हीडी प्लेअर आधीच होता. माझं मत विचाराल तर आपल्याकडे पीसी गेमिंग वाढलं ते ग्राफिक्समुळे नाही, की माउसने नेम चांगला बसतो म्हणूनही नाही. कॉम्प्युटर अभ्यासाच्या नावाखाली घरात यायचा. कन्सोल म्हणजे उघड उघड खेळणं, आणि तेही हॉलमधल्या टीव्हीला जोडायचं, म्हणजे बातम्या आणि मालिका दोन्हींच्या आड.

तुमच्याकडे काय झालं? लिहा.

रिकामटेकडा
टर्बो सीचा निळा पडदा!! मागे कायम उघडा. चपलांचा आवाज आला की आल्ट-टॅब दाबून गेमवरून त्यावर. पण आमचा पीसी इतका स्लो की गेममधून बाहेर यायला अर्धा मिनिट नुसता काळा पडदा. तेवढ्यात बाबा दारात. "लाइट गेली का रे?"

चिंचगुळ
आमच्याकडे पीसी फार उशिरा. आधी तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, मे महिन्यात मामाकडे. कॅसेटवर "९९९९ इन १" आणि आत फिरून फिरून तेच मारिओ, कॉन्ट्रा, टँक, डक. लागली नाही की कॅसेट काढा, फुंकर मारा, परत खोचा. कॉन्ट्रामध्ये माझ्या लाइफ संपल्या की ए दाबून मी दादाच्या घ्यायचे. त्यावरून खरीखुरी मारामारी. जास्त लाइफ मिळवायचा कोड, अप अप डाउन डाउन लेफ्ट राइट लेफ्ट राइट बी ए, झोपेत विचारा. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते

सोल्डर_भाऊ
@चिंचगुळ डकची, म्हणजे बदकं मारायच्या गेमची, बंदूक आठवते? सगळे टीव्हीच्या काचेला नळी टेकवून मारायचे. खरं तर त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट ती बघते. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला की बदक पडलं. जुन्या डबा टीव्हीवर हे जागच्या जागी व्हायचं. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तोवर गेमने निकाल देऊन टाकलेला असतो. त्यामुळे आता कितीही नेम धरा, बदक सुटलं की गेममधलं ते कुत्रं हसणारच.

चिंचगुळ
ते कुत्रं!!! त्याला मारायला किती गोळ्या फुकट घालवल्यात

खानदेशी_शेव
तुम्ही शहरातली माणसं. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग. काकांनी दुबईहून प्लेस्टेशन टू आणला, मेमरी कार्ड राहिलं. ८ एमबीचं एवढंसं कार्ड, पण ते नसेल तर सेव्हच नाही. लाइट आली की सुरू करायचं, जायच्या आत होईल तेवढं. गॉड ऑफ वॉरमधला पहिलाच तो जहाजावरचा हायड्रा राक्षस इतक्यांदा मारलाय की शेवटी शेवटी त्याचीच दया यायची. पुढे काय होतं ते यूट्यूबवर पाहिलं, लग्न झाल्यावर. शेजारच्या पीसीवाल्याकडे यूपीएस. तो कूं कूं करायला लागला की पठ्ठ्या सेव्ह करून आरामात उठायचा. फार जळायचो.

तिरपागडा
हसून हसून पुरे वाट. हायड्राची दया. =))
अवांतर: शेव कुठली? पुण्यात शेवभाजीची धड शेव मिळत नाही.

खानदेशी_शेव
@तिरपागडा जळगाव. भाजीची शेव जाड आणि तिखट पाहिजे, नाहीतर रश्श्यात पिठलं होतं. व्यक्तिगत निरोप करा, भाऊ येतोय पुढच्या आठवड्यात.

लेगस्पिनर
कन्सोलवाल्यांनी एकाच गोष्टीचं उत्तर द्या. ईए कंपनीचा क्रिकेट ०७ हा गेम. आलं २००६ च्या शेवटी, त्यानंतर कंपनीने क्रिकेट काढलंच नाही. तरी पीसीवर लोक आजही खेळतात, कारण पोरं स्वतः पॅच, म्हणजे गेमवर चढवायचे बदल, बनवतात. दर आयपीएलला नवे संघ, नव्या जर्सी, नवी स्टेडियम. कॉमेंट्रीत मात्र अजून मार्क निकोलस आणि रिची बेनॉ. बेनॉ जाऊन दहा वर्षं होऊन गेली, माझ्या लॅपटॉपवर अजून पंतच्या सिक्सरवर बोलतायत. प्लेस्टेशन टूवर हेच क्रिकेट घेतलेले २००६ च्याच संघात अडकले.

रिकामटेकडा
+१. बाय द वे, टायमिंग जमलं की प्रत्येक चेंडू कव्हरवरून मारणारा मी एकटाच होतो का?

ईएमआयग्रस्त
गावठीराव, तुमचं अभ्यासाचं पटलं, पण नोकरी लागल्यावर कोणाला सांगायचंय? मी कट्टर पीसीवाला होतो. २०२१ ला ग्राफिक्स कार्ड बदलायला निघालो. चिपचा तुटवडा, त्यात क्रिप्टोवाले मायनिंगसाठी कार्डं उचलतायत. जे कार्ड हवं होतं ते मूळ किमतीच्या दुपटीला. तेव्हाच फेब्रुवारीत प्लेस्टेशन फाइव्ह आला, डिस्कवाला ४९,९९०. म्हणजे अख्खं मशीन एका कार्डापेक्षा स्वस्त. मिळवताना नाकीनऊ आले, मिळाला तेव्हा बायकोने आधी कपाटाची उंची मोजली. उभा ठेवला.

आता दोन्हीचा हिशोब सांगतो. कन्सोलचे गेम महाग, नवीन ४-५ हजार, पण डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते. मी घेतो, संपवतो, दोनतीनशे कमी करून पुढच्याला देतो. पीसीवर विकणं नाही, पण स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात २०१५ पासून भाव रुपयात आहेत आणि सेल तुफान. ऑनलाइन खेळायला पीसीवर वेगळे पैसे नाहीत, कन्सोलवर बहुतेक गेमना वर्गणी लागते. आणि सर्वात मोठं म्हणजे कन्सोल लावला की चालतो. पीसीवर शुक्रवारी रात्री दहाला बसा, साडेअकरापर्यंत ड्रायव्हर अपडेट. माझ्या वयाला ते झेपत नाही.

कॅफेतला_कोपरा
ड्रायव्हर अपडेट हाच खरा गेम आहे हो. आम्ही मिनिमम रिक्वायरमेंट पाठ करायचो, आवर्तसारणी नाही. "पिक्सेल शेडर सापडला नाही" (म्हणजे कार्ड या गेमला पुरत नाही) या ओळीने जितकं रडवलं तितकं कुठल्या पोरीने नाही. मग ते थ्रीडी अ‍ॅनालाइझ नावाचं सॉफ्टवेअर टाकून गेमला गंडवायचं. गेम चालायचा, फक्त माणसांना चेहरे नसायचे.
घरी नाही चालला तर सायबर कॅफे. काउंटर स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम, त्यातला डस्ट टू नकाशा, पाच इकडे पाच तिकडे, आणि शिव्या पडद्यावरून नाही, थेट पार्टिशनवरून. ती मजा हेडफोनात नाही.

सातासमुद्रापार
कन्सोलची बाजू घ्यायला एक बाई आली बघा. नवऱ्याच्या पीसीत मला कधी जागाच नव्हती, एक खुर्ची, एक कीबोर्ड. लॉकडाऊनमध्ये कन्सोल घेतला आणि इट टेक्स टू लावला. दोघांनीच खेळायचा, एकट्याला येतच नाही. घटस्फोट घ्यायला निघालेल्या जोडप्याची गोष्ट आहे. दुसऱ्या लेव्हलला आमचंच होतंय की काय असं वाटलं :ड

ईएमआयग्रस्त
@सातासमुद्रापार हा बायकोला दाखवतो. (धागा नाही, गेम.)

पेठेतला
एवढी चर्चा झाली आणि 'राजी'चं नाव नाही. पुण्यात बनलेला गेम आहे, नॉडिंग हेड्सचा. भावाला, गोलूला, शोधत निघालेली मुलगी आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. ऑगस्ट २०२० ला आधी निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर आला, पीसीवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. तेव्हा कन्सोल म्हणजे परदेशी खेळणं असं कोणी म्हणू नये.

तिरपागडा
आला. पुणे आल्याशिवाय धागा पूर्ण होत नाही.

पेठेतला
शेव मात्र जळगावहून मागवा.

आईसाहेब
सगळ्यांचे अनुभव छान. माझा लेक यातलं काहीच मागत नाही, पाच इंची मोबाइलवर खेळतो, मान वाकडी करून. टीव्हीला जोडलेलं असतं तर निदान डोळ्यांसमोर तरी राहिला असता, असं आता वाटतंय.

चिंचगुळ
आले परत. @सोल्डर_भाऊ मामाकडे ती बंदूक अजून आहे, ट्रिगर कट्ट वाजतो. पण डबा टीव्ही कुठून आणू? भंगारवाला पण ठेवत नाही आता.

सोल्डर_भाऊ
माझ्याकडे एकवीस इंची आहे, चालू. फुकट घेऊन जा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दादाला बरोबर आणा.