'सेवक' म्हणजे शिपाई की प्राचार्य?

विचारणा: आमच्या कॉलेजात नवे प्राचार्य येताहेत. स्वागतपत्रिकेचा मराठी मजकूर माझ्याकडे आहे. मूळ इंग्रजी मसुद्यात 'सर्व्हंट लीडर', म्हणजे सेवा करत नेतृत्व करणारा, असं आहे. मी 'सेवक' लिहिलं, तर ऑफिसातून निरोप आला, "मॅडम, सेवक म्हणजे आपले शिपाई. प्राचार्यांना ते बरं दिसत नाही." मग 'सेवाभावी नेतृत्व' करू का? संस्था ख्रिस्ती आहे, त्यामुळे शब्दात श्रद्धेचा गंध राहायला हवा.

प्रतिसाद: ताई, 'सेवाभावी' नको. सेवाभावी डॉक्टर, सेवाभावी मंडळ, असा वापरून वापरून तो गुळगुळीत झालाय. 'सेवक'च ठेवा. आपल्या जुन्या शिक्षणसंस्थांमध्ये 'आजीव सेवक' हे मानाचं पद आहे. आयुष्य संस्थेला द्यायचं, जेमतेम पगारावर शिकवायचं आणि संस्थेचा कारभारही पाहायचा. म्हणजे कारभारी तोच सेवक. शिवाय 'आजीव'चा संस्कृतात 'उपजीविका' असाही अर्थ आहे. बौद्धांच्या अष्टांगिक मार्गातला 'सम्यक् आजीव' तो हाच. या माणसांच्या बाबतीत 'जन्मभर' आणि 'पोटापुरतं' हे दोन्ही अर्थ खरे ठरले. हिंगण्याला धोंडो केशव कर्व्यांनी अशाच कार्यकर्त्यांसाठी संस्था काढली, तिचं नाव 'निष्काम कर्म मठ'. नावातली कल्पना सरळ गीतेतून आलेली. त्याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं.

दुसरा प्रतिसाद: मी नगरचा, ख्रिस्ती घरातला. आमच्याकडे 'सेवक' ऐकून कोणी दचकत नाही. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की ज्याला मोठं व्हायचं त्याने सेवक व्हावं आणि ज्याला पहिलं व्हायचं त्याने सर्वांचा दास व्हावं. योहानाच्या तेराव्यात तर तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुतो. इथेच रेव्हरंड भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि प्राचार्य यांच्यात आम्हाला फार अंतर वाटत नाही, ते यामुळेच.

पहिल्याचं उत्तर: पाय धुण्याची आठवण दिलीत, फार बरं वाटलं. कारण गीतेत (४.३४) सेवा करायची ती शिष्याने: 'प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया'. ज्ञानेश्वरीत त्याच जागी संतांना ज्ञानाचं घर म्हटलंय आणि सेवेला त्याचा 'दारवंटा', म्हणजे दार. तिथे सेवा शिष्याकडून गुरूकडे जाते. योहानाच्या त्या प्रसंगात गुरूच खाली बसतो. आजीव सेवकानेही शिक्षक असून सेवेचा भार स्वतःकडे घेतला. मला यात शब्दाचा अपमान कुठेच दिसत नाही. उलट शिपाईमामा आणि प्राचार्य एकाच शब्दात बसतात, हे मला फार मोलाचं वाटतं. सकाळी सातला वर्गांची कुलपं उघडणारा माणूस आधी सेवक आहेच.

विचारणारी: पटलं. मग 'सेवकनेतृत्व' असा जोडशब्द करू?

उत्तर: तो मात्र टाळा. वाचणारा त्याची फोड 'सेवकांचं नेतृत्व' अशी करील आणि प्राचार्य कर्मचारी संघटनेचे पुढारी वाटतील. व्यक्तीसाठी मधे रेघ देऊन 'सेवक-नेता' लिहा, म्हणजे सेवक तोच नेता हे कळेल. भाववाचक नाम लागेल तिथे 'सेवकवृत्ती'. आणि ऑफिसातून पुन्हा फोन आला, तर त्यांना मार्कचा दहावा अध्याय वाचून दाखवा.