हायडलबर्गमधला रविवार अंगावर येतो, काय करू?

कृष्णाकाठची:
नमस्कार. मी वाईची. सप्टेंबरअखेर मास्टर्ससाठी जर्मनीत हायडलबर्गला आले. सोमवार ते शुक्रवार कुठे जातात कळत नाही. नॉयनहायमर फेल्डमधली लॅब, दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, जेवण, संध्याकाळी जर्मनचा क्लास. शनिवारी कपडे आणि सामान. रविवार मात्र जाता जात नाही. दुकानं बंद, गल्लीत माणूस नाही, सकाळी चर्चच्या घंटा तेवढ्या वाजतात. डिसेंबर असल्याने साडेचारला अंधार. गेल्या रविवारी लोणच्याची रिकामी बरणी रस्त्यावरच्या काचकचऱ्याच्या डब्यात टाकायला गेले, तर एका आजोबांनी थांबवलं. रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं. खोलीत परत आले आणि रडू आलं. त्यात फ्लॅटमधल्या मुलीने फ्रीजवर चिठ्ठी लावलीय, फोडणीच्या वासाबद्दल. आमच्याकडे रविवारी घाटावर नुसतं जाऊन बसलं तरी चार ओळखीची माणसं भेटतात. इथे राहिलेल्यांनी रविवार कसे काढले?

नेकरपल्याड:
अगं, मी तिथे चार वर्षं होते. पहिल्या हिवाळ्यात माझीही हीच गत होती, त्यामुळे तुझं वाचून पोटात तुटलं. त्या आजोबांचं मनाला लावून घेऊ नकोस. रविवारची विश्रांती तिथे थेट राज्यघटनेत आहे, 1919 च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेने तसंच ठेवलंय. शेजारीपाजारी ते मनापासून पाळतात. मिक्सर, ड्रिल, काच, सगळं शनिवारी उरकून घ्यायचं.

आता माझा रविवार सांगते. उजेड फार थोडा असतो, म्हणून अकराच्या आत घराबाहेर पड. जुन्या पुलावरून पलीकडे गेलीस की समोरच श्लांगनवेग लागतो, दोन्ही बाजूंना दगडी भिंती असलेली नागमोडी पायऱ्यांची वाट. दम लागतो, पण वर फिलॉसॉफनवेग या डोंगरवाटेवर पोचलीस की खाली नेकर नदी, पूल आणि समोरच्या डोंगरावर तो पडका किल्ला. किल्ल्याचा एक बुरूज उभा चिरून खाली पडलाय, तो नक्की बघ. 1693 मध्ये फ्रेंच सैन्याने सुरुंग लावून किल्ला उडवला, तेव्हापासूनचा आहे तो. पूलही 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैनिकांनीच उडवला होता, नंतर लोकांनी परत बांधून काढला. मला ते कळल्यावर त्या पुलाबद्दल वेगळीच माया वाटायला लागली. दर रविवारी मी त्याच्या मधोमध थांबून घरी फोन लावायचे. हिवाळ्यात आपल्याकडचं घड्याळ साडेचार तास पुढे असतं, म्हणजे तुझ्या बाराला घरी साडेचारचा चहा असतो. रात्रीच्या फोनवर सगळे दमलेले असतात, चहाच्या वेळी गप्पा होतात.

आणि संध्याकाळी खोलीत बसू नकोस. प्लॉक रस्त्यावरचं विद्यापीठाचं ग्रंथालय रविवारीही उघडं असतं. मी तिथे अभ्यासापेक्षा शेजारी कोणीतरी पान उलटतंय, एवढ्यासाठीच जायचे. महिनाभराने रोज त्याच टेबलाशी बसणारी एक कोरियन मुलगी स्वतःहून कॉफीला चल म्हणाली.

धनगरवाटा:
तुमच्या गावात आपल्या कामाची आणखी एक जागा आहे. विद्यापीठाचं साउथ एशिया इन्स्टिट्यूट, 1962 सालचं, आता बेर्गहाइम भागात. ग्युंथर सोंथायमर तिथेच शिकवत. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा आणि धनगरांच्या ओव्या यांच्यामागे हा माणूस पुण्यापासून माणदेशापर्यंत पायपीट करत फिरला. तिथल्या ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत. वेळा बघून आठवड्यात दोन पुस्तकं खोलीवर आणून ठेवा. परमुलखात नेकरच्या काठी मराठी पान उघडल्यावर काय वाटतं, ते मी अनुभवलंय.

फोडणीवाली:
चिठ्ठीचं मी सांगते. चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर देऊ नकोस, तिच्याशी समोरासमोर बोल. तेल धूर येईपर्यंत तापू देऊ नकोस, हिंग-मोहरी पडली की लगेच झाकण ठेव, स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी दहा मिनिटं सताड उघडी. अर्धवट तिरकी ठेवून वास जात नाही. माझ्याही फ्लॅटमध्ये तक्रार होती. मी एकदा वरण-भात, तूप, लिंबू असं ताट वाढून दिलं. वास तिला आवडला नाहीच, पण त्यानंतर ती चिठ्ठ्या न लावता दारावर टकटक करून सांगायची. ते कितीतरी बरं.

कृष्णाकाठची:
ताई, आज गेले होते. श्लांगनवेगवर तीनदा थांबावं लागलं. वर धुकं होतं, किल्ला दिसलाच नाही, नुसता नदीचा एक तुकडा दिसला. मग पुलावरून आईला फोन केला. ती खरंच चहा करत होती, आधणाचा आवाज येत होता, आणि आजीने मागून विचारलं, नदीला पाणी आहे का गं? मी तिला नेकर दाखवली. आम्ही बराच वेळ बोललो. फ्लॅटमधल्या मुलीशी उद्या बोलते, ती आज तिच्या गावाला गेलीय. सोंथायमर यांचं नाव बाबांना माहीत निघालं, पाल-जेजुरीच्या संदर्भात. पुस्तक मंगळवारी आणेन. ताजा कढीपत्ता कुठे मिळतो ते कोणी सांगेल का? आणलेला वाळका संपत आलाय.