पेरूजात (इटली) कमी खर्चात मुक्काम: वर जुन्या शहरात राहावे की खाली स्टेशनाजवळ?

निर्झरा

नमस्कार मंडळी,

येत्या एप्रिलच्या उत्तरार्धात आम्ही इटलीला जाणार आहोत आणि त्यातला मोठा मुक्काम उंब्रिया प्रांताची राजधानी असलेल्या पेरूजा शहरात करावा, असे ठरत आले आहे. माझी भाची तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठात इटालियन शिकते, हे त्याचे मुख्य कारण. ती इतर मुलींबरोबर भाड्याच्या घरात राहते, त्यामुळे तिच्याकडे उतरण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ती स्वतः कधी हॉटेलात राहिलेली नसल्याने त्या बाबतीत तिचा सल्ला "मावशी, सगळीकडे छानच आहे" याच्या पुढे जात नाही.

आम्ही तिघे जण आहोत: मी, माझे पती आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. सासूबाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाट रस्त्यावर त्या आमच्यापेक्षा उत्साहाने चालतात, चढही हळूहळू चढतात, परंतु कठडा नसलेल्या पायऱ्या उतरणे त्यांना जड जाते. दुसरी अडचण अशी की सरकत्या जिन्यावर पाऊल टाकायला त्या तयारच होत नाहीत. एरवी ही गोष्ट मी लिहिली नसती. परंतु पेरूजाविषयी जे काही वाचावे त्यात सरकत्या जिन्यांचे गुणगान असते, आणि आमच्यासाठी मात्र नेमकी तीच सोय गैरसोय ठरण्याची भीती आहे.

तिघांसाठी मिळून रात्रीला 130 युरोंच्या आसपास खर्च करण्याची आमची तयारी आहे. या रकमेत दोन प्रकारचे पर्याय दिसतात. पहिला म्हणजे तटबंदीच्या आत, कोर्सो व्हान्नुच्ची या मुख्य रस्त्यापासून जवळ असलेली, एखाद्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर चालणारी एक वा दोन तारांची (म्हणजे स्टार दर्जाची) छोटी हॉटेले. छायाचित्रांत लाकडी तुळया, दगडी कमानी आणि खिडकीतून दिसणारी कौलारू छपरे असतात. लिफ्टचा उल्लेख मात्र कुठे असतो, कुठे नसतो. दुसरा पर्याय खाली फोन्तीव्हेज्जे भागात, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनाच्या परिसरात, अलीकडच्या काळात बांधलेल्या हॉटेलांचा. तिथे लिफ्ट आहे, एअर कंडिशनर आहे, खोल्या मोठ्या आहेत आणि दरही थोडे कमी आहेत. परंतु ज्या शहरासाठी जायचे ते शहर तिथून वर डोंगरावर राहते.

नकाशावर दोन ठिकाणांमधले अंतर कळते, चढ कळत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. वर राहिल्यास रोजच्या ये-जा करण्यात सासूबाईंचे हाल होतील का? "मध्यवर्ती ठिकाणी" असे लिहिलेल्या हॉटेलांपैकी कोणती खरोखर सपाटीवर आहेत, हे कसे ओळखावे? आणि कमी तारांच्या हॉटेलात आरक्षणापूर्वी नेमके काय विचारून घ्यावे? व्हिसासाठी मुक्कामाचे कागद लवकरच जोडायचे असल्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही. जुन्या डोंगरी शहरांत राहिलेल्यांनी अनुभव सांगावेत, ही विनंती.

पायवाट

माझे मत सरळ आहे: ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असेल तर खाली राहावे. स्टेशनाजवळच मिनीमेत्रोचे स्थानक आहे. 2008 मध्ये सुरू झालेली ही छोट्या, चालकविरहित डब्यांची गाडी पियान दि मास्सियानोपासून वर पिंचेत्तोपर्यंत जाते, दोन्ही टोके धरून एकूण सात स्थानके आहेत आणि डबे थोड्या थोड्या वेळाने येत राहतात, त्यामुळे वेळापत्रक पाहावे लागत नाही. सकाळी वर जावे, दुपारी विश्रांतीसाठी खाली यावे, संध्याकाळी पुन्हा वर. असिसीला किंवा त्रासिमेनो सरोवराकडे जाण्यासाठी रेल्वे पकडायची असेल तर सामानासह डोंगर उतरण्याची कटकटही राहत नाही.

बोलोन्याकर

निर्झराताई, विद्यार्थिदशेत मी पेरूजात राहिलो आहे आणि अजूनही मित्रांकडे जाणे-येणे असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पायवाट यांचे म्हणणे दिवसापुरते बरोबर आहे. मिनीमेत्रो रात्री नऊच्या सुमारास बंद होते, हा त्यातला अडथळा. इटलीत रात्रीचे जेवण साडेसात-आठच्या आधी बहुतेक ठिकाणी सुरूच होत नाही. भाचीबरोबर निवांत जेवायचे, मग दिव्यांच्या उजेडात फोन्ताना माज्जोरे हे कारंजे पाहायचे आणि नंतर बस किंवा टॅक्सी शोधत खाली यायचे, हे रोज जमणार नाही. परिणामी आपण सातलाच आवरते घेऊ लागता आणि शहराची सर्वांत सुंदर वेळ हातची जाते. शिवाय फोन्तीव्हेज्जेचा परिसर रात्री फेरफटका मारावा असा नाही. म्हणून मी वर राहण्याच्या बाजूने आहे, पण वर म्हणजे नेमके कुठे, यावर सगळे अवलंबून आहे.

जुने पेरूजा समुद्रसपाटीपासून सुमारे 490 मीटर उंचीवर, डोंगराच्या अरुंद माथ्यावर आणि त्यापासून फुटणाऱ्या सोंडांवर वसलेले आहे. पियाझ्झा (म्हणजे चौक) इतालिया ते पियाझ्झा क्वात्रो नोव्हेंब्रे हा कोर्सो व्हान्नुच्चीचा भाग या माथ्यावरून जातो आणि जवळजवळ सपाट आहे. कारंजे, कॅथेड्रल, नगरसभेचा जुना राजवाडा, त्यातली उंब्रियाची राष्ट्रीय चित्रशाळा आणि चित्रकार पेरुजिनोची भित्तिचित्रे असलेले सराफांचे सभागृह, हे सगळे याच पट्ट्यात येते. म्हणजे सासूबाईंना पाहायचे असलेले बहुतेक सारे पायरी न उतरता गाठता येईल. कोर्सोला समांतर जाणारा व्हिया बाल्योनी (व्हिया म्हणजे रस्ता) आणि पियाझ्झा मात्तेओत्ती हेही चालण्यासारखे आहेत. परंतु कोर्सोपासून "फक्त 200 मीटर" असे लिहिलेले हॉटेल व्हिया देई प्रिओरीवर किंवा व्हिया उलिस्से रोक्कीवर असेल, तर ते 200 मीटर जाताना उताराचे आणि येताना छाती भरून येईल अशा चढाचे असतात. आपल्या भाचीचे विद्यापीठ याच उलिस्से रोक्कीच्या तळाशी, प्राचीन एत्रुस्कन कमानीसमोरच्या चौकात आहे. तिला भेटायला एकदा उतरून पाहा, मग तिथल्या विद्यार्थ्यांच्या पोटऱ्यांचे रहस्य कळेल. त्यापलीकडचा कोर्सो गारिबाल्दी परिसर स्वस्त आणि मोहक आहे, पण आपल्यासाठी नाही.

आता सरकत्या जिन्यांविषयी. पियाझ्झा पार्तिज्यानीहून पियाझ्झा इतालियापर्यंत जाणारे जिने 1983 पासून आहेत आणि ते रोक्का पाओलिना या किल्ल्याच्या पोटातून जातात. मिठावरच्या करावरून 1540 मध्ये पेरूजाने पोप तिसऱ्या पॉलविरुद्ध बंड केले. ते मोडून काढल्यावर पोपने शहरातल्या बलाढ्य बाल्योनी घराण्याची घरे, मनोरे आणि गल्ल्या यांच्यावरच हा किल्ला उभारला. 1860 नंतर लोकांनी किल्ला पाडला, पण खालच्या गल्ल्या छतासकट शिल्लक राहिल्या. सासूबाईंना सरकता जिना नको असेल तर अडून राहण्याचे कारण नाही: स्टेशनासमोरून थेट पियाझ्झा इतालियापर्यंत शहर बस जाते, आणि त्या चौकातून गल्ल्यांकडे साध्या पायऱ्यांनी, आपल्या गतीने उतरून परत येता येते. सामान असेल त्या दिवशी मात्र सरळ टॅक्सी करावी. जुन्या शहरात खासगी वाहनांना मर्यादित प्रवेश असला तरी टॅक्सी आत येते.

खरी पारख इमारतीच्या आत करायची असते. इथली स्वस्त हॉटेले जुन्या प्रासादांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात, आणि या प्रासादांच्या मुख्य मजल्याची छते इतकी उंच असतात की कागदावरचा "दुसरा मजला" चढताना चौथ्यासारखा लागतो. लिफ्ट आहे असे लिहिलेले असले तरी ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की दहा-बारा पायऱ्या चढल्यावर, हे लिहिलेले नसते. म्हणून हॉटेलला ई-मेल करून दोनच गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा आहे का. उत्तर आकड्यात आले तर त्या हॉटेलवर विश्वास ठेवावा. "काही अडचण येणार नाही" असे उत्तर आले तर दुसरे हॉटेल पाहावे. इटलीतल्या तारांचा या बाबतीत उपयोग होत नाही. एका तारेच्या हॉटेलात लिफ्ट असू शकते आणि तीन तारांच्या हॉटेलात शेवटचा टप्पा गोल जिन्याचा असू शकतो.

स्नानगृहाच्या बाबतीतही शब्द नीट वाचावेत. "खासगी स्नानगृह" फक्त आपल्याच वापराचे असले तरी खोलीबाहेर, बोळाच्या टोकाला असू शकते. रात्री उठावे लागणाऱ्यांना ते त्रासाचे. कमोडशेजारी बिदे (पाण्याने धुण्यासाठीचे बसके भांडे) बहुधा असतेच, 1975 च्या सरकारी आदेशाने घरांत ते बंधनकारक केलेले आहे, त्यामुळे पाण्याची जी चिंता आपल्याला युरोपात इतरत्र लागून राहते ती इथे फारशी नाही. कारंज्याच्या चौकाकडे तोंड असलेली खोली मात्र मोहात पडून घेऊ नये. कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर विद्यार्थी मध्यरात्र उलटेपर्यंत गप्पा मारत बसतात आणि सकाळी घंटा वाजतात. इमारतीच्या आतल्या चौकाकडची खोली मागावी. ती अंधारी असते, पण झोप लागते.

सदाफुली

वरील सल्ल्यात तारखांची भर घालते, कारण एप्रिलमध्ये पेरूजात खोल्यांचे दर तारखेनुसार बरेच बदलतात. आंतरराष्ट्रीय पत्रकारिता महोत्सव एप्रिलमध्येच भरतो आणि त्या दिवसांत मध्यवर्ती भागातली छोटी हॉटेले आधीच भरून गेलेली असतात, म्हणून त्या वर्षीच्या तारखा पाहून मगच आरक्षण करावे. 25 एप्रिल हा मुक्तिदिन आणि 1 मे कामगार दिन, दोन्ही राष्ट्रीय सुट्ट्या; त्यांना शनिवार-रविवार जोडून इटालियन कुटुंबे बाहेर पडतात. या दोन तारखांच्या मधले आठवड्याचे दिवस साधता आले तर तेवढ्याच पैशांत बरी खोली मिळेल.

दुसरी बाब थंडीची. तिथल्या राष्ट्रीय नियमांनुसार पेरूजा ज्या हवामान-विभागात येते तिथे इमारतींचे हीटिंग 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल या काळात चालते. थंडी लांबली तर महापौर मुदत वाढवू शकतात, पण ते गृहीत धरता येत नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात डोंगरमाथ्यावरच्या दगडी इमारतीत रात्री चांगलेच गार वाटते. जास्तीचे ब्लँकेट आधीच मागून ठेवावे, आणि एअर कंडिशनरवरून गरम हवा मिळते का, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारावे.

व्हिसासाठी संपूर्ण प्रवासाच्या मुक्कामाची आरक्षणे लागतात, तेव्हा सुरुवातीला विनाशुल्क रद्द करता येईल असाच दर घ्यावा, जरी तो थोडा महाग असला तरी. संकेतस्थळावरच्या किमतीत शहराचा मुक्काम कर बहुधा धरलेला नसतो. तो दर माणशी, दर रात्री याप्रमाणे हॉटेलात भरावा लागतो आणि छोटी हॉटेले तो रोख मागतात. पोहोचल्यावर प्रत्येकाचा पासपोर्ट मागितला जाईल, कारण पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणे हॉटेलांना बंधनकारक आहे. हॉटेलऐवजी अल्पमुदतीचे घर घेण्याचा विचार आला, तर जाहिरातीत राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे.

निर्झरा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलोन्याकर यांनी सांगितल्याप्रमाणे चार हॉटेलांना पायऱ्यांची संख्या विचारली. दोघांनी "लिफ्ट आहे" एवढेच कळवले, एकाचे उत्तर नाही, आणि पियाझ्झा मात्तेओत्तीजवळच्या एका दोन तारांच्या हॉटेलने दारापासून लिफ्टपर्यंत पाच पायऱ्या आहेत, उजव्या हाताला कठडा आहे आणि तिघांची खोली आतल्या चौकाकडची आहे, असे छायाचित्रासह लिहून पाठवले. तिसरा पलंग घडीचा आहे. तो अर्थातच माझ्या पतींच्या वाट्याला जाईल.

आता एकच शंका उरली आहे. सासूबाईंना पहाटे चहा लागतो आणि खोलीत किटली नाही, असे हॉटेलने कळवले आहे. न्याहारी आठला सुरू होते. छोटी विजेची किटली बरोबर न्यावी का? त्या शाकाहारी असल्याने न्याहारीत त्यांना चालण्यासारखे काय असेल, तेही सांगावे.

बोलोन्याकर

पायऱ्या छायाचित्रासह कळवणारे हॉटेल सोडू नका. किटली नेण्यापूर्वी त्यांना विचारून घ्या, कारण जुन्या इमारतींत आगीच्या भीतीने अनेक ठिकाणी खोलीत अशी उपकरणे चालवू देत नाहीत. परवानगी मिळाली तर दोन गोल पिनांचा युरोपीय प्लग लागेल. नाहीच मिळाली तर सकाळी सातच्या सुमारास कॅफे उघडतात, तिथे उकळते पाणी आणि वेगळे दूध मागावे आणि चहापत्ती घरून न्यावी. उभ्याने प्यायल्यास दर कमी पडतो, पण सासूबाईंना बसूनच प्यायला द्यावा.

न्याहारी म्हणजे कॉफी, कोर्नेत्तो (क्रोसाँसारखा गोडसर पाव), टोस्ट, जॅम आणि क्वचित चीज. उंब्रियाचा पाव अळणी असतो, तेव्हा मिठाची छोटी पुडी जवळ ठेवावी. या अळणीपणाचा संबंध लोक त्या मिठाच्या बंडाशी लावतात, इतिहासकार मात्र ते मान्य करत नाहीत. दुपारी तोर्ता अल तेस्तो मिळेल: तव्यावर भाजलेली, भाकरीची जाडसर चुलतबहीण, आत पालेभाजी आणि चीज भरलेली. मागताना पिठात डुकराची चरबी नाही ना, हे विचारावे, काही ठिकाणी घालतात. चीजही बहुतांश प्राणिज विरजणाचे असते, तेव्हा त्या किती काटेकोर आहेत यावर ते घ्यावे की नाही हे ठरवा. भाचीला इटालियन येते, तिला एवढे काम नक्की सांगता येईल.